शेवटपर्यंत नव्हे, शेवटापासून

कुंदा,

तुझ्या शोकसभेत प्राचार्यांनी तुझे सारे आयुष्य एका शब्दयोगी अव्ययात चुकवले. "कुंदाताई शेवटपर्यंत झटल्या," असे ते म्हणाले आणि सभागृहाने एकाच वेळी मान खाली घातली. मी पहिल्या रांगेत होते. तुझ्या तसबिरीच्या हारातून गळलेले झेंडूचे फूल माझ्या मुठीत होते. त्याच्या देठाचा कडवट, ओला वास बोटांना लागला होता. मला उठून सांगायचे होते की हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असून अर्थाने खोटे आहे. तू शेवटपर्यंत झटली नाहीस. तू शेवटापासून काम केलेस. 'पर्यंत' आणि 'पासून' या दोन लहान शब्दांमधल्या फटीत तुझी विद्या होती, तुझा हट्ट होता, आणि त्यांनी माइकवर सहज एकाच्या जागी दुसरा ठेवून दिला.

मी उठले नाही. शोकसभेत दुरुस्ती सुचवण्याची आपल्याकडे रीत नाही. गेलेल्या माणसाविषयी तिथे काहीही बोललेले चालते. ते खोडलेले चालत नाही. म्हणून आता लिहिते आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे तुझ्यावर 'दोन भावपूर्ण पाने' मागितली गेली आहेत. भाव पुष्कळ आहे. त्यांना हवा तो नसेल.

सभेत आणखी काय काय म्हटले गेले, ते ऐक. तू हसतमुख होतीस. तू सेवाभावी होतीस. तू प्रत्येकाचा मोबाईल चालू करून देत असस. तू कधी कुणाला नाही म्हणाली नाहीस. हे शेवटचे ऐकले तेव्हा मला तिथेच, तुझ्या तसबिरीसमोर, हसू फुटले असते. तुझ्या तोंडी दिवसभर जो शब्द असे तो 'नाय' हाच. "नाय, सर, परीक्षा विभागाची लाईन पोरांच्या लाईनीत मिसळायची नाय." "नाय, ती पेटी कपाटात कोंडायची नाय, तिला वारा लागतो." "नाय गो, तुझा प्रिंटर मी बघणार नाय, त्याला कागद लागतो, कागद घाल." तुझे सगळे काम त्या नकारांवर उभे होते. कोण कुठपर्यंत जाऊ शकेल आणि कुठे थांबेल हे ठरवणे म्हणजेच तुझी कला होती. त्या कलेला त्यांनी सेवाभाव म्हटले. डोंगर, ओहोळ आणि विखुरलेल्या इमारती यांच्यामधून ज्या बाईने एका आवाराची सगळी संगणकव्यवस्था मनात उभी केली, मग मातीत पुरली, तिची आठवण त्यांनी शेजारच्या काकूंसारखी काढली. रिमोट दुरुस्त करून देणाऱ्या.

हा अंक हाती घेणाऱ्या नव्या माणसाला कळावे म्हणून थोडे सांगते. तू कंटाळशील, पण ऐकून घे. आपले महाविद्यालय मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मुख्य इमारत रस्त्याला लागून. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय मागच्या चढावर. मग ओहोळ, आणि ओहोळापलीकडे, डोंगराच्या सोंडेआड, मुलींचे वसतिगृह. त्या सोंडेने मोबाईलचे वारे अडवले आहे. वसतिगृहात फोन म्हणजे घड्याळ आणि आरसा, एवढेच. रेंज सापडते ती रस्त्यावरच्या लहान पुलावर, जिथे कल्याणच्या जीपा प्रवासी भरायला थांबतात. म्हणून तू येण्याआधी मुली रोज संध्याकाळी त्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसत. अभ्यास तिथे, निकाल तिथे, आईला फोन तिथे. आणि जीपच्या टपावर कोपर टेकून उभ्या असलेल्यांच्या शेऱ्यांमध्येच सगळे.

मी मराठी शिकवायची. मला तो पूल रोज दिसत होता आणि त्यात मला एक चित्र दिसत होते: कलती उन्हे, ओढण्या, खाली पाण्याचा आवाज. तू संगणकशास्त्राला रुजू झालीस, माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आलीस, आणि पहिल्याच संध्याकाळी बाजारातून पिशवी घेऊन आलीस ती दारातच उभी राहिलीस. भाजीची पिशवीही खाली ठेवली नाहीस.

"पोरींचं कॉलेज पुलावर भरतं, गो. मग आपण इथं काय करतो?"

तुला नेटवर्कचे काम मिळाले ते जादा जबाबदारी म्हणून. कुणाला तरी द्यायचेच होते. आराखड्याची बैठक मला आठवते, कारण टिपणे काढायला मला बसवले होते. मराठीच्या माणसाचे अक्षर चांगले असते असा समज. टेबलावर आवाराचा नकाशा पसरला होता. सगळ्यांनी गृहीत धरले होते की लाईन कार्यालयात येणार, तिथून हळूहळू मागे सरकणार. तू पेन्सिल उचललीस आणि नकाशाच्या पार टोकाला, वसतिगृहावर टेकवलीस.

प्राचार्य म्हणाले, "कुंदाताई, नकाशा उलटा धरलाय का?"

"सुलटाच आहे सर. काम इथनं सुरू करायचं."

"आणि कार्यालय?"

"शेवटी."

टेबलाभोवती हसू पसरले. कुणीतरी म्हणाले, "म्हणजे वरात आधी आणि नवरदेव मागनं." तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "सर, तुमच्या हापिसात लाईन आली की काम थांबतं. मागचं सगळं 'बघू' होतं. म्हणून तुमचं शेवटी. तुमाला हवं असेल तर मागचं पुरं करावं लागेल." इतक्या सरळपणाने कुणाचा अपमान होऊ शकतो हे मी पहिल्यांदा पाहिले. आणि तो अपमान नव्हताच. ते गणित होते.

ते गणित तुझ्या वडिलांचे. भातसानगरच्या वसाहतीत तुमचे दोन खोल्यांचे घर होते. ते कालव्यावर पाटकरी होते, पाण्याच्या पाळ्या लावणारे. तू मला सांगितले होतेस, बांधावर बसून, वालाच्या भाजीने पिवळी झालेली बोटे चाटत: कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेताला पाणी मागावे लागत नाही, ते आपोआप शिरते. तोंडाकडून वाटत गेले तर शेवटच्या शेतापर्यंत ओल जाते, पाणी जात नाही. म्हणून बाबा पाळी शेपटाकडून लावत. आधी शेवटचे शेत भिजवायचे, मग एकेक दार बंद करत मागे यायचे. तोंडाकडचे बागाईतदार त्यांना शिव्या घालत. "बाबांना शिव्यांची सवय होती," तू म्हणालीस. "मला पन आहे." मग बोट धरणाच्या दिशेला करून म्हणालीस, "तिकडचं पाणी मुंबईला जातं. आमच्या वरच्या पाड्यांना टँकर येतो. तोंडाला असून बी आमी शेपूट. तवा मला सांगू नको कोन शेवट नि कोन सुरुवात. ते ठरवनारा ठरवतो."

मग चर खणला गेला. शेतांमध्ये राब भाजण्याचे दिवस होते. पालापाचोळ्याचा गोडसर धूर आवारभर रेंगाळत होता आणि त्यात उकरलेल्या कोरड्या मातीचा वास. तू पायजम्याच्या घड्या घालून चराच्या कडेने चालत असस आणि खणणाऱ्यांशी भांडत असस. "अजून हातभर खाली, भाऊ. नांगर लागला तर कोन येणार जोडायला, तू?" मी छत्री घेऊन तुझ्यामागे, मला काही येत नव्हते, पण मला ते पाहायचे होते. तू मला वायरचे काळे साल सोलून आतला काचेचा तंतू दाखवलास, केसापेक्षा बारीक. यातून उजेड जातो, म्हणालीस. मी वेडीच झाले. मी तो डोळ्याजवळ नेला तर तू माझ्या हातावर चापट मारलीस.

"डोळा लावू नको गो. हा उजेड दिसत नाय. पन लागतो."

कुंदा, मी इतकी वर्षे कविता शिकवते, पण एवढे नेमके वाक्य माझ्या हातून झालेले नाही. तुझ्या जाण्यानंतर रोज सकाळी तुझ्या बंद दाराजवळून जाताना ते मला आठवते. दिसत नाही. लागते.

पहिल्याच पावसात ग्रंथालयाजवळ वीज पडली. जुन्या तांब्याच्या तारेवर जे जे जोडलेले होते ते सगळे जळले. ग्रंथालयात कित्येक दिवस करपलेल्या प्लास्टिकचा वास होता. तुझ्या काचेला काही झाले नाही. काच वीज वाहून नेत नाही, फक्त उजेड नेते. मग एका पावसात ओहोळाने काठच खाल्ला आणि एक वायर वाहून गेली. तेव्हा मुली वसतिगृहात व्याख्यान पाहत होत्या. ते क्षणभर अडखळले आणि पुढे चालू झाले, कारण तू दुसऱ्या बाजूने, डोंगराकडून, आणखी एक वाट टाकून ठेवली होतीस. तू सकाळी येऊन मला ते सांगितलेस, चिखलाने भरलेल्या पायांनी, इतक्या आनंदात की माझ्या ओट्यावरचा चहा तूच ओतून घेतलास. "वायर गेली नि कुनाला कळलं नाय. कळलं नाय म्हंजे बरोबर झालं."

आज मला त्या वाक्याचा राग येतो. कुणाला कळले नाही, म्हणून तर सभेत त्यांना तुझ्याविषयी काही सांगता आले नाही. कविता वाईट असली तरी कविता म्हणून दिसते. तुझे काम चांगले असले की दिसेनासे होत असे. माझी एक कविता तू एकदा ऐकायला बसली होतीस आणि अर्ध्यावर झोपलीस. उठल्यावर म्हणालीस, "छान आहे गो. जरा बफर होते."

आपले भांडण शब्दांवरून होते आणि ते मिटले नाही. मी म्हणायची, नेटवर्कला आपल्याकडे शब्द आहे, जाळे. तू म्हणायचीस, "जाळ्यात मासा अडकतो. कोळी माशी धरतो. माझ्या कामात कोन अडकतं? दुसरा शब्द शोध." मी शोधला नाही असे नाही; सापडला नाही. पण खरे भांडण झाले ते त्या नावावरून. प्रत्येक इमारतीत जिथे तारा एकत्र येतात त्या पेटीला, स्विचला, तू यंत्रणेत नाव देत होतीस. कार्यालय. ग्रंथालय. प्रयोगशाळा. आणि वसतिगृहाच्या पेटीला नाव दिलेस, शेपूट.

मी हटकले. "हे काय नाव झालं? मुली काय म्हणतील?"

"पोरींनीच सुचवलं. मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, मग आमी शेपूट."

"निदान 'क्षितिज' तरी म्हण."

"क्षितिज म्हने." तू नाक उडवलेस. "तिथं पोरी राहतात गो, कविता नाय राहत."

मी चिडले होते. तरीही त्या संध्याकाळी मी तुझ्याबरोबर वसतिगृहात आले. संगणकावर पहिले पान उघडले तेव्हा मुली ओरडल्या नाहीत. वैशाखऱ्याच्या पुढच्या पाड्यावरून आलेली हर्षदा पडद्याला बोट लावून म्हणाली, "आता पुलावर नाय जायचं?" तू पायरीवर बसून नखातली माती काढत होतीस. "नाय," म्हणालीस. तुझ्या सगळ्या नकारांमध्ये मला तो एक सर्वांत जास्त आवडला. मी ते तुला सांगितले नाही. असे काही सांगायची आपली पद्धतच नव्हती. आपण एकमेकींना टोमणे मारत होतो आणि त्यात सगळे येते असे धरून चाललो होतो.

आता त्या शोकसभेनंतरचे ऐक.

मी सभेतून फाटकाबाहेर आले तर वसतिगृहाच्या मुली पुलावर होत्या. कठड्यावर एका ओळीत, हातात फोन, माना वाकलेल्या. मला आधी त्यांचाच राग आला. तुझी सभा सोडून या इथे. मी तशीच पुढे गेले.

"हर्षदा, आज तरी सभेला यायचं होतं."

ती उठून उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते. "यायचं होतं मॅडम. पन प्रकल्प आजच पाठवायचाय. होस्टेलची लाईन गेलीय ना."

"कधीपासून?"

"कुंदा मॅडम दवाखान्यात गेल्या, त्याच्या मागनंच. आमी सांगितलं हापिसात. म्हनले, नवीन कंपनी आलीय, बघतील." मग घाईने म्हणाली, "आमी इथं टाइमपास करत नाय, मॅडम."

जीपजवळ उभा असलेला एकजण दात कोरत म्हणाला, "काय मॅडम, कॉलेजचा वायफाय आटला का? पोरी आल्या परत. आमाला काय, बरंच आहे."

आणि मुली इथे बसल्या होत्या तेवढा वेळ, कुंदा, सभागृहातून तुझी शोकसभा ठाण्याला राहणाऱ्या विश्वस्तांना थेट दाखवली जात होती. मोठ्या पडद्यावर, कुठेही न अडखळता. प्राचार्यांनी भाषणात त्याचा उल्लेखही केला: "कुंदाताईंच्याच जाळ्यातून आज दूरवरचे मान्यवर आपल्याशी जोडले गेले आहेत." दूरवरचे जोडले गेले होते. ओहोळापलीकडचे तुटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या खोलीत गेले, जिथे यंत्रे आहेत. उंदरांसाठी तू ठेवलेल्या डांबरगोळ्यांचा वास अजून होता. कंपनीचा माणूस बसला होता, कल्याणहून रोज येणारा, सभ्य, वयाने आपल्याएवढाच. मी त्याला वसतिगृहाचे विचारले. त्याने पडद्यावर नावे उघडली. कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा हिरवी. शेवटी एक करडे, बंद.

"हे होतं का ते?" तो म्हणाला. "अरे देवा. मॅडम, मी नवीन मांडणी करताना हे बंद केलं. बाकी सगळी नावं नीट होती. आणि हे एक शेपूट. मला वाटलं कुणी थट्टा केलीय. नाहीतर जुनं काही उरलंसुरलं असेल."

"तुम्हाला मराठी येतं ना?"

"येतं ना मॅडम. म्हणून तर."

मला त्याच्यावर रागावता आले नाही. मराठी न येणाऱ्या माणसाने त्या नावाला हात लावला नसता. त्याच्या लेखी ती नुसती अक्षरे असती. मराठी येणाऱ्याने ती वाचली, हसला, आणि बंद केली. आपल्या भाषेत शेपूट म्हणजे कापले तरी चालते ते.

"आता चालू करा," मी म्हणाले.

"एका क्लिकचं काम आहे. पण काल मी सरांना सांगितलं की आता सगळी क्षमता पुढच्या इमारतींना मिळते. ते खूश झाले. आता बदलायचं तर त्यांची परवानगी लागेल."

मी प्राचार्यांकडे गेले. ही चूक झाली आहे, मी म्हणाले, नावामुळे.

त्यांनी चष्मा पुसला. "चूक म्हणू नका बाई. वसतिगृह आपण दुसऱ्या टप्प्यात घेतलंय."

"कधी घेतलं?"

"आता घेतलं समजा. मूल्यांकनाची समिती यायची आहे. सभागृह आणि कार्यालय यांना वेग हवा. एकदा ते झालं की मागचं बघू."

"आणि तोपर्यंत मुली?"

"मुलींकडे मोबाईल असतात, बाई."

कुंदा, मी अन्याय पाहिलेले नाहीत असे नाही. पण बहुतेक अन्याय कुणीतरी ठरवून केलेले असतात. त्यांच्याशी भांडता येते. हा कुणी केलाच नव्हता. एका शब्दावर एक माणूस हसला, आणि एक दार मिटले. चूक सापडली तेव्हा ती दुरुस्त होण्याऐवजी तिला निर्णयाचा दर्जा मिळाला. का, तर तिच्यामुळे पुढच्यांना थोडे अधिक मिळत होते आणि मागच्यांचा आवाज पुढे येत नव्हता. आवाज पुढे न्यायची वाट तीच होती, जी बंद केली होती. तोंडाशी असलेल्या शेतात पाणी आपोआप शिरले. तुझ्या बाबांनी सांगितल्याप्रमाणे, तंतोतंत.

त्या दिवशी मी तुझ्यावरही संतापले. घरी येऊन तुझ्या बंद दारासमोर उभी राहिले आणि मनात म्हणाले, क्षितिज ठेवले असतेस तर. एवढे ऐकले असतेस माझे. क्षितिजाला कुणी थट्टा समजत नाही. त्याने ते हिरवेच ठेवले असते. मला वाटले, हे भांडण मी जिंकले, आणि जिंकल्याचे सांगायला तू नाहीस, ही तर अधिकच फसवणूक. मग माझ्या दाराचे कुलूप काढताना माझे मलाच कळले. क्षितिज असते तर त्यांनी वसतिगृहावर त्या नावाची पाटी लावली असती, समितीला दुरून दाखवली असती, आणि क्षमता अपुरी पडल्यावर तेच केले असते, जरा सुंदर भाषेत. तुझ्या शब्दाने निदान त्यांची खरी समजूत उघडी पाडली. ते भांडण तूच जिंकलीस. हेही सांगायला तू नाहीस.

आता फलकाचे. तुझ्या त्या यंत्रांच्या खोलीला तुझे नाव द्यायचे ठरले आहे. पितळेचा फलक, त्यावर एक ओळ. ओळ मी लिहायची, कारण भाषा माझी चांगली. मी लिहिली: 'कुंदाताईंनी हे काम शेवटापासून केले.' एवढीच. ती कार्यालयातून दुरुस्त होऊन परत आली. लाल शाईने 'शेवटापासून' खोडले होते आणि वर लिहिले होते 'शेवटपर्यंत'. खाली प्राचार्यांच्या अक्षरात: 'अर्थ स्पष्ट होत नव्हता.'

अर्थ स्पष्ट होत नव्हता. शाईचा वास अजून ताजा होता. शेवटपर्यंत झटलेली बाई त्यांना हवी आहे. ती मेली की काम संपते आणि फलक लागतो. शेवटापासून काम केलेली बाई नको, कारण तिचे काम शेवटाकडे बोट दाखवत राहते, आणि मग त्या बोटाच्या दिशेने बघावे लागते. ओहोळापलीकडे. मी कागदावर लिहिले, 'ही ओळ माझी नाही,' आणि परत पाठवला.

त्या दिवसापासून मी माझा कवितेचा शेवटचा तास पुलावर घेते. वेळापत्रकात जागा 'खोली' एवढीच लिहिलेली असते. कोणती ते लिहिलेले नसते. पहिल्या संध्याकाळी मी आणि मुलीच होतो. मी कठड्यावर बसले. दिवसभर तापलेला दगड साडीतून लागत होता, खालच्या पाण्यात शेवाळाचा वास होता, जीपांचे डिझेल. त्या बसलेल्या मुलींमध्ये शिक्षिका बसली की शेरे मारणे अवघड होते, एवढे मला त्या जीपवाल्यांच्या चेहऱ्यांवरून कळले. पुढच्या वेळी वनस्पतिशास्त्राचे सर स्वतःची घडीची खुर्ची काखेत मारून आले. मुलींना एका झाडाचे नाव सांगत बसले. मग ग्रंथपालबाई आल्या. जीपा आता थोड्या पुढे उभ्या राहतात. तो दात कोरणारा कधीकधी विचारतो, "मॅडम, आज कुठली?" आणि कठड्यापासून अंतर राखून ऐकतो.

मी याने काही जिंकलेले नाही. ती पेटी अजून करडीच आहे. मुली अजून फोन उंच धरून प्रकल्प पाठवतात. पण कालच्या संध्याकाळी प्राचार्यांची गाडी कल्याणकडे निघाली होती ती पुलावर थांबली. काच खाली आली. आतून थंड हवेची एक झुळूक माझ्या गुडघ्यांना लागली.

"बाई, हे काय?"

"तास, सर."

"इथं?"

"कॉलेज इथंच भरतं, सर. कुंदानं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं."

ते मुलींकडे पाहत राहिले, मग खुर्चीतल्या सरांकडे, ग्रंथपालबाईंच्या उघड्या छत्रीकडे. समितीची गाडीही याच पुलावरून येणार आहे, हे त्यांच्या ध्यानात आले असावे.

"हे किती दिवस चालणार?"

"शेवटपर्यंत, सर."

शब्द त्यांचाच होता. त्यांना तो ओळखू आला. काच वर गेली, गाडी हलली, धूळ खाली बसली. मग हर्षदा म्हणाली, "मॅडम, वाचा ना."

मी पुस्तक उघडले. आणि वाचायला सुरुवात करण्याआधी, कुंदा, कठड्याच्या पार टोकाला, माझ्यापासून सगळ्यांत लांब बसलेल्या मुलीला विचारले, "तुला ऐकू येतंय का?"